अपंग व्यक्तींना मनाजोगं काम मिळवून देताना : नव्याने या कामात आलेल्यांसाठी

खोकी भरून बंद करण्याच्या कामावर आम्ही एका तरुणाला लावलं होतं. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. वस्तू मोजून रचणं, वर कागद टाकणं, झाकणाच्या घड्या पाडणं हे सगळं तो नीट करायचा आणि मग थांबायचा. चिकटपट्टीचं रीळ हातात घेऊन नुसता बसून राहायचा. पर्यवेक्षक म्हणाले, "लक्ष टिकत नाही त्याचं." मलाही तसंच वाटू लागलं होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसून पंचवीस-तीस खोकी स्वतः बंद केली, तेव्हा उलगडा झाला. पट्टी कापली की तिचं टोक दरवेळी रिळाला परत चिकटून बसत होतं आणि ते शोधायला नखाने रीळ चाचपावं लागत होतं. ते टोक त्याला सापडत नव्हतं. टोक मोकळं धरून ठेवणारा, पुढे दाते असलेला साधा स्टँड टेबलावर आणून ठेवला. त्या दुपारपासून काम सुरळीत सुरू झालं.

तीन दिवस आम्ही सगळे त्या मुलाकडे बघत होतो. चिकटपट्टीकडे कुणीच बघितलं नव्हतं.

अपंग व्यक्तींच्या रोजगारासाठी धडपड सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हाच प्रसंग आधी सांगतो. तुम्ही पालक असाल, शिक्षक असाल, स्वयंसेवक असाल किंवा एखाद्या संस्थेत नुकतेच रुजू झाला असाल. माणूस जितक्या बारकाईने बघता तितक्याच बारकाईने काम बघायची सवय लावून घ्या. पुढे जे सांगतो आहे ते ही सवय कशी लावायची याबद्दलच आहे.

सुरुवातीला थोडं वाचून ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर ६ माणसांमागे १. पांढरी काठी, कुबड्या, व्हीलचेअर हे आपल्याला चटकन दिसतं. पण अपस्मार, दीर्घकाळचा मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, सौम्य श्रवणदोष असं बरंच काही वरून दिसत नाही, आणि नोकरीत खरी कोंडी अनेकदा याच लोकांची होते.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि तो ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याचं २७ वं कलम कामाबद्दल आहे. इतरांच्या बरोबरीने, स्वतः निवडलेल्या किंवा स्वीकारलेल्या कामातून उपजीविका करण्याचा हक्क त्यात आहे. 'निवडलेल्या' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. मिळेल ते काम गळ्यात मारणं म्हणजे रोजगार मिळवून देणं नव्हे. याच कराराने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कामावर लागणारी वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. तुमच्या देशाच्या कायद्यात अपंगत्वाची व्याख्या काय आहे, प्रमाणपत्र कोण देतं, नोकरीत राखीव जागा आहेत का आणि तक्रार कुठे करायची, या चार गोष्टी पहिल्या आठवड्यातच वहीत उतरवून घ्या. मालकाशी बोलताना कायदा पुढे करू नका, पण तो पाठ असू द्या.

शब्दांचं म्हणाल तर, अपंग, दिव्यांग, विकलांग यांपैकी स्वतःबद्दल कोणता शब्द आवडतो ते त्या व्यक्तीलाच विचारा. मी अपंग हा शब्द वापरतो, कारण माझ्या बरोबर काम करणाऱ्या बहुतेकांना तो सरळ वाटतो. 'मूकबधिर' मात्र टाळा. अनेक कर्णबधिर माणसं बोलतात, आणि जी खुणांच्या भाषेत बोलतात तीही मुकी नसतात. 'व्हीलचेअरला खिळलेला' हेही सोडून द्या. खुर्चीमुळे माणूस हिंडतो-फिरतो, खिळून राहतो तो पायऱ्यांमुळे.

पायरी पहिली : त्या व्यक्तीकडून समजून घ्या

पहिल्या भेटीत बहुतेक वेळा आई किंवा वडीलच बोलतात. मुलगी बत्तीस वर्षांची असते, शेजारीच बसलेली असते आणि तिच्याबद्दल "हिला गर्दी चालत नाही" असं तिच्या डोक्यावरून सांगितलं जातं. पालकांना दोष देऊ नका. वर्षानुवर्षं दवाखान्यांत आणि शाळांत त्यांनाच बोलावं लागलेलं असतं. पण तुम्ही प्रश्न विचाराल तो त्या मुलीकडे बघून विचारा आणि उत्तराला वेळ द्या. दहा सेकंदांची शांतता फार मोठी वाटते, ती तशीच राहू द्या.

"कुठलं काम आवडेल?" असं थेट विचारलं तर "काहीही चालेल" हेच उत्तर येतं. ज्याला आयुष्यात कुणी निवड करू दिलेली नाही, तो दुसरं काय सांगणार? म्हणून बोलण्यापेक्षा बघण्यावर भर द्या. शक्य असेल तर आणि त्या व्यक्तीची हरकत नसेल तर घरी तास-दोन तास जाऊन बसा. एका घरात मला "हिला काहीच येत नाही" असं सांगितलं गेलं. त्याच वेळी ती मुलगी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बसली होती. सहा माणसांचे कपडे, त्यात दोन भावांचे एकसारखे शर्ट. कॉलरच्या आतली पट्टी बघून ती ते वेगळे करत होती, आणि एकही चूक नव्हती. घरात कुणी याला कौशल्य मानलंच नव्हतं. पुढे ती एका रुग्णालयाच्या कपडे विभागात लागली.

असं बघताना वहीत साध्या नोंदी करा. तरतरी सकाळी असते की दुपारनंतर? किती वेळ सलग उभं राहता येतं? आवाज, उजेड, वास यांचा त्रास होतो का? औषधाच्या वेळा कोणत्या, आणि औषध घेतल्यावर गुंगी येते का? माणसांत रमते की एकटीने? मोबाइल कसा वापरते? पैसे कुणाच्या हातात असतात? या नोंदी त्या व्यक्तीला वाचून दाखवा आणि तिने खोडा म्हटलं ते खोडा.

इथे नवखे लोक एका सापळ्यात हमखास अडकतात. अंध म्हणजे टेलिफोन, कर्णबधिर म्हणजे गोंगाटाचा कारखाना, स्वमग्न (ऑटिझम असलेला) म्हणजे संगणक, अशी एक यादी त्यांच्या डोक्यात तयार असते. २००४ साली डेन्मार्कमध्ये थॉर्किल सॉन यांनी 'स्पेशलिस्टर्न' ही कंपनी काढली आणि स्वमग्न व्यक्तींना सॉफ्टवेअर तपासणीचं काम दिलं. ते उदाहरण जगभर गाजलं आणि लोकांनी त्यातून नेमकं चुकीचं ते उचललं, की स्वमग्न माणसं संगणकात हुशार असतात. त्यातला शिकण्यासारखा भाग दुसराच होता. गप्पांच्या मुलाखतीत स्वमग्न उमेदवार मागे पडतात हे ओळखून त्यांनी उमेदवारांना लेगोचे रोबो जोडायला दिले आणि ते कसे विचार करतात हे प्रत्यक्ष बघितलं. मला भेटलेल्या एका स्वमग्न मुलाला संगणकाचा कंटाळा आहे आणि रोपवाटिकेत तो तासन्तास रमतो.

घरच्यांच्या भीतीकडे दुर्लक्ष करू नका. प्रवासात काही झालं तर? तिथे कुणी चिडवलं तर? पगार सुरू झाला म्हणून मिळणारं सरकारी साहाय्य बंद झालं आणि नोकरीही गेली तर? शेवटचा प्रश्न फार खरा आहे. मिळकत सुरू झाल्यावर कुठलं साहाय्य कमी होईल, कुठलं टिकेल आणि नोकरी सुटली तर ते परत कसं सुरू करायचं, हा हिशेब नोकरी शोधायच्या आधी कागदावर मांडून घरच्यांसमोर ठेवा.

तयारी किती, केव्हापर्यंत?

"अजून तयार नाही" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. जुनी पद्धत अशी होती, की आधी प्रशिक्षण आणि तयार झाल्यावर नोकरी. त्यात माणसं वर्षानुवर्षं मेणबत्त्या आणि कागदी पिशव्या करत बसली. १९८० च्या दशकात अमेरिकेत या क्रमाची उलटापालट झाली: आधी खऱ्या जागी काम, आणि शिकणं त्याच जागी, सोबत मदतनीस देऊन. गंभीर मानसिक आजार असलेल्यांसाठी रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी याच धर्तीवर पद्धत बसवली. तिच्यात पात्रतेची अट एकच आहे, त्या माणसाला काम करायचं असलं पाहिजे. शोध लगेच सुरू होतो आणि उपचार करणारे व नोकरी शोधणारे एकत्र बसतात. पुढे अनेक देशांत चाचण्या झाल्या, त्यांत ही पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. म्हणून माझा आग्रह आहे, की इच्छा पक्की दिसली की महिन्याभरात बाहेर पडा.

एक तयारी मात्र आधीच करा, ती म्हणजे प्रवासाची. नोकरी सुटते त्याचं मूळ कित्येकदा रस्त्यातच असतं. कामाच्या वेळेला, खऱ्या गर्दीत, घरापासून कामाच्या दारापर्यंत बरोबर जा. मग दोन पावलं मागे राहून जा, मग पुढच्या थांब्यावर वाट बघा. बस चुकली तर काय, थांबा चुकला तर कुणाला विचारायचं, फोनची बॅटरी संपली तर काय, हे मुद्दाम घडवून बघा.

पायरी दुसरी : काय सांगायचं, काय नाही

अपंगत्व मालकाला सांगायचं की नाही, सांगायचं तर अर्जात, मुलाखतीत की रुजू झाल्यावर, हा निर्णय त्या व्यक्तीचा. दोन्ही बाजू मोकळेपणाने मांडा. सांगितलं तर सोय मागता येते. न सांगितलं तर पूर्वग्रह टळतो, पण सोय मागण्याचा रस्ता अवघड होतो. तुम्ही स्वतः मालकाशी बोलणार असाल तर नेमकं काय बोलायचं याची लेखी परवानगी घ्या. निदानाचं नाव सांगायची गरज क्वचितच पडते. "तोंडी सूचना लक्षात राहायला तिला वेळ लागतो, लिहून दिल्या की काम बरोबर होतं," एवढं बहुतेक ठिकाणी पुरतं. वैद्यकीय कागदांची फाइल बरोबर घेऊन फिरू नका.

पायरी तिसरी : काम शोधायला जाताना

माहितीपत्रक आणि अपंगत्वाचे प्रकार घेऊन मालकाकडे जाल तर ते आदराने ऐकतील, देणगी देतील आणि निरोप देतील. रिकाम्या हाताने जा. त्यांचं काम दाखवायला सांगा आणि एक प्रश्न विचारा: "तुमच्याकडे कुठलं काम कायम मागे पडतं?"

एका कार्यालयात उत्तर मिळालं, कागदपत्रं स्कॅन करणं. हिशेबनीस संध्याकाळी थकल्यावर ते करायचे, त्यामुळे चुका व्हायच्या. दुसऱ्या टेबलावर पाकिटांवर पत्ते लावणं राहिलेलं, तिसऱ्याकडे सामानाच्या याद्या अद्ययावत करणं. तीन टेबलांवरचं साठलेलं काम एकत्र केलं तर एक पूर्ण नोकरी तयार होत होती, जी जाहिरातीत कधीच आली नसती. मोकळी जागा नसली तरी काम असतं, ते असं. मात्र एक पथ्य पाळा. सगळ्यांना नकोशी वाटणारी तेवढीच कामं गोळा करून ती एका माणसाच्या माथी मारू नका. त्या जागेत शिकायला काही आहे का, पुढे जायला वाट आहे का, चारचौघांत बसून काम करता येतं का, हेही बघा. तळघरातल्या एकट्या खोलीतली नोकरी मी तरी घेऊ देत नाही.

मालकाच्या शंकांना खरी उत्तरं द्या. "अपंग कर्मचारी फार निष्ठावान असतात, कधी सोडून जात नाहीत," असं सांगण्याचा मोह होतो. सांगू नका. काही निष्ठावान असतात, काहींना चांगली संधी मिळाली की ते जातात, जसं इतर कुणीही जाईल. तुम्ही या एका माणसाबद्दल बोला: याला काय येतं, काय लागेल, पहिले काही आठवडे मी किती वेळ इथे असेन आणि अडचण आली तर किती वेळात येईन.

खर्चाची भीती बहुतेकदा वास्तवापेक्षा मोठी असते. अमेरिकेत कामावरच्या सोयींबद्दल सल्ला देणारं एक सरकारी मदतीवर चालणारं केंद्र आहे. त्यांच्याकडे आलेल्या मालकांच्या पाहण्यांत जवळपास निम्म्या सोयींना काहीही खर्च आलेला नव्हता. टेबल खिडकीपासून हलवणं, वेळ अर्ध्या तासाने पुढे सरकवणं, सूचना लिहून देणं याला पैसे लागत नाहीत.

आणि सुरक्षितता. "आग लागली तर?" हा प्रश्न सगळीकडे येतो. लहानपणी पोलिओ झालेल्या ज्युडी ह्यूमन यांना १९७० साली न्यूयॉर्कमध्ये शिक्षिकेचा परवाना नाकारला गेला, तेव्हाही कारण हेच दिलं होतं, की आग लागली तर व्हीलचेअरवरची बाई मुलांना बाहेर कशी काढणार? त्या कोर्टात गेल्या, त्यांना परवाना मिळाला आणि त्यांनी शिकवलं. हा प्रश्न तुमच्यासमोर आला की टाळू नका. आग लागली तर या इमारतीतून सगळेच कसे बाहेर पडणार, हे मालकाबरोबर चालत जाऊन बघा. अनेक ठिकाणी असं लक्षात येतं, की मागच्या दाराला कुलूप आहे आणि धोका सर्वांनाच आहे.

पगार तोच, जो त्या कामाला इतरांना मिळतो. हे पहिल्या बोलण्यातच स्पष्ट करा. अमेरिकेत १९३८ च्या एका कायद्याने अपंग कामगारांना किमान वेतनापेक्षा कमी पैसे देण्याची मुभा दिली आणि ती वाट कित्येक दशकं वापरली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीने २०२२ साली कामाच्या हक्कावर सविस्तर भाष्य केलं आणि फक्त अपंगांसाठी असलेल्या वेगळ्या कार्यशाळा म्हणजे या हक्काची पूर्तता नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. "सहा महिने शिकू दे, मग बघू" असं कुणी म्हटलं तर ते सहा महिने कधी संपणार, त्यानंतर काय आणि तोवर काय देणार, हे लिहून घ्या.

पायरी चौथी : अर्ज आणि मुलाखत

अर्ज भरायच्या आधी तो स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकून बघा. मी एकदा एका अंध मुलीच्या शेजारी बसून ऑनलाइन अर्ज ऐकला. वाचक आवाज म्हणत होता, "बटण. बटण. बटण." तीन बटणं होती आणि एकालाही नाव नव्हतं. त्यातलं एक 'अर्ज पाठवा' होतं आणि एक 'सगळं पुसून टाका'. तिने अंदाजाने दाबलं आणि चाळीस मिनिटांचं काम गेलं. असा अर्ज दिसला तर कंपनीला दुसरी पद्धत विचारा, आणि बटणांना नावं द्यायला सांगा. ते दुरुस्त करायला त्यांच्या माणसाला फार वेळ लागत नाही.

जाहिरातीतल्या अटीही तपासा. बैठ्या कामाला वाहन चालवण्याचा परवाना मागितलेला असतो, कारण मागच्या जाहिरातीतून तो तसाच उतरून आलेला असतो. फोन करून विचारलं तर अट सुटते.

मुलाखतीला कर्णबधिर उमेदवार असेल तर दुभाषी आधीच ठरवा आणि मुलाखत घेणाऱ्यांना सांगा की बोलायचं ते उमेदवाराकडे बघून. "त्यांना विचारा की..." असं दुभाषीला सांगायचं नसतं. अंध उमेदवाराला खोलीत कोण कोण बसलंय हे प्रत्येकाने स्वतः नाव घेऊन सांगावं. खुर्चीपर्यंत नेताना त्याचा हात धरून ओढू नये, आपलं कोपर पुढे करावं म्हणजे तो धरून चालतो. बोलणं अडखळत असेल तर वाक्य आपण पूर्ण करू नये. आणि शक्य असेल तिथे बोलण्यापेक्षा काम करून दाखवायला मागा, अर्धा दिवस, पैसे देऊन.

"तुम्हाला हे कसं झालं?" हा प्रश्न मुलाखतीत बसत नाही. "हे काम तुम्ही कसं कराल?" हा बसतो, आणि तो सगळ्याच उमेदवारांना विचारावा.

पायरी पाचवी : जागा आणि साधनं

काही मापं लक्षात ठेवा. उताराचं प्रमाण १ ला १२, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला निदान १.८ मीटर लांबीचा उतार हवा. फळी टाकून केलेला खडा उतार पायरीपेक्षा धोकादायक. दाराची मोकळी रुंदी ८० सेंटीमीटरच्या पुढे, आणि व्हीलचेअर वळायला साधारण दीड मीटर व्यासाची जागा. ही जागा स्वच्छतागृहातही हवी. तिथे नेमकी ती बादल्या आणि झाडूंनी भरलेली असते. पडद्यावरचा साधा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ ला १ असावा असं आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. करड्यावर फिकट करडी अक्षरं कुणालाच नीट दिसत नाहीत.

साधनं महागच असतात असं नाही. 'एनव्हीडीए' हा संगणकाचा स्क्रीन रीडर मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरनी घडवला. त्याची सुरुवात २००६ साली झाली आणि तो मोफत आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर आधीपासून असतातच. बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारी अॅप्स फोनवर मिळतात. दोघांच्या गप्पांना ती कामी येतात, दहा जणांच्या बैठकीत मात्र कोलमडतात, तिथे दुभाषीच हवा. काहीही विकत घेण्याआधी वापरणाऱ्याला विचारा. माझ्या एका सहकाऱ्यासाठी कार्यालयाने महागडा मोठा पडदा आणला. त्याला हवा होता फक्त टेबलावर सरळ उजेड टाकणारा दिवा.

पायरी सहावी : शिकवणं

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी शिकवलं जाणारं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मार्क गोल्ड या शिक्षणतज्ज्ञांनी तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या, 'यांना काही जमणार नाही' असा शिक्का बसलेल्या लोकांना सायकलचा १५ भागांचा ब्रेक जोडायला शिकवला. त्यांचं म्हणणं असं, की कुणी शिकत नसेल तर शिकवण्याची पद्धत बदलून बघायची. ते बोलायचे अगदी कमी. "शाब्बास, छान, वा" यांचा वर्षाव नाही. हात बरोबर चालला असेल तर गप्प राहायचं, चुकला तर तिथेच थोडक्यात सुधारायचं.

तुम्हीही काम आधी स्वतः करा आणि त्याचे तुकडे पाडा. 'चहाचे कप धुणं' हे एक काम वाटतं. कागदावर उतरवायला बसा: ट्रे उचलणं, उरलेला चहा ओतणं, कप उलटा की सुलटा ठेवायचा, साबण किती वेळा दाबायचा, कप स्वच्छ झाला हे कसं ओळखायचं. वीस-बावीस तुकडे सहज निघतात. मग शिकवताना कुठल्या तुकड्यावर अडतंय याची खूण करत जा. आठवड्याने तक्ता बघितला की अडचण दोन-तीन तुकड्यांवरच गोळा झालेली दिसते. पहिला विचार करायचा तो ते तुकडे बदलता येतील का याचा. साबणाच्या बाटलीऐवजी एका दाबात ठरावीक साबण देणारी बाटली, 'स्वच्छ' म्हणजे काय ते दाखवायला समोर टांगलेला एक स्वच्छ कप, उरलेला चहा ओतायच्या जागी रंगीत पट्टी. शिकवण्याचा क्रम सांगणं, खूण करणं, करून दाखवणं असा ठेवा. हाताला हात लावायचा तो शेवटी, आणि विचारूनच.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत कामाचे तुकडे पाडायची गरज बहुधा नसते. तिथे वेळेतली लवचिकता, अधूनमधून शांत बसायला जागा आणि त्रास वाढू लागल्याची लक्षणं दिसली तर कुणी कुणाला कळवायचं याचा कागद जास्त उपयोगी पडतो. तो कागद ती व्यक्ती बरी असताना तिनेच लिहावा.

पायरी सातवी : हळूहळू बाजूला व्हा

पहिल्या आठवड्यात दिवसभर, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून दोनदा. सहकारी तुमच्याकडे बघून "त्याला सांगा ना, तो कागद इकडे आण" असं म्हणू लागले, की तुम्ही गरजेपेक्षा जास्त थांबलात असं समजा. त्यांना म्हणा, "तुम्हीच सांगा." खुर्ची मागे न्या, मग खोलीबाहेर. शेजारच्या टेबलावरचा एखादा सहकारी आपणहून मदत करणारा असतोच. त्याला हेरा, पण मदतीचं सगळं ओझं त्याच्यावर टाकू नका. तो रजेवर गेला की काय होतं ते बघितल्याशिवाय निघू नका.

नंतरही महिन्या-दोन महिन्यांनी फेरी असू द्या. कामगिरीबद्दल मालकाला विचाराल तेवढंच, किंबहुना जास्त, त्या व्यक्तीला विचारा: कंटाळा आला का, जेवायला कुणाबरोबर बसतोस, पगार हातात येतो का? नोकरी सुटली तर ती बदनामी मानू नका. त्या चिकटपट्टीवाल्या तरुणाने वर्षभराने खोक्यांचं काम सोडलं. त्याला माणसांत राहायचं होतं. आम्ही वहीचं नवं पान काढलं.

लोकांपर्यंत पोहोचताना

जनजागृतीचे ठरलेले दिवस आहेत. ३ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय अपंग दिन १९९२ पासून पाळला जातो. १५ ऑक्टोबर पांढऱ्या काठीचा, २३ सप्टेंबर सांकेतिक भाषांचा. २१ मार्च डाउन सिंड्रोमचा, कारण त्यात २१ व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात. दिवस पाळा, पण कार्यक्रमात काय करता ते तपासून घ्या.

डोळ्यांवर पट्टी बांधून पाच मिनिटं चालायला लावण्याचा खेळ मी बंद केला. त्यातून लोकांना कळतं ते नुकतं अंध झालेल्या माणसाचं चाचपडणं. वीस वर्षं काठी घेऊन फिरणाऱ्याचं कौशल्य त्यांना कळत नाही. मनात राहते ती कीव आणि भीती, आणि अशी भीती घेऊन गेलेला मालक अंध माणसाला नोकरी देत नाही. त्यापेक्षा एखाद्या अंध कर्मचाऱ्याला त्याचं रोजचं काम पडद्यावर करून दाखवू द्या, वाचक आवाज त्याच्या नेहमीच्या वेगात. तो वेग ऐकून खोली गप्प होते.

ऑस्ट्रेलियाच्या अपंग हक्क कार्यकर्त्या स्टेला यंग २०१४ साली एका भाषणात म्हणाल्या होत्या, की अपंग माणसाचं साधं रोजचं जगणं इतरांना स्फूर्ती मिळावी म्हणून वापरलं जातं, ते थांबवा. तुमच्या पोस्टरला ही कसोटी लावा. फोटोतला माणूस काय काम करतो हे लिहिलं आहे का, की नुसतं 'जिद्दीला सलाम'? फोटो लावायची परवानगी त्याने दिली आहे का, आणि उद्या नको म्हणाला तर काढाल का?

'आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको' ही अपंग चळवळीची घोषणा कार्यक्रम आखताना शब्दशः घ्या. आखणीच्या पहिल्या बैठकीला अपंग सहकारी हवेत आणि वक्त्यांना इतरांइतकंच मानधन हवं. मालक मंडळींना बोलावणार असाल तर ज्यांनी नेमणूक केली आहे अशा एखाद्या मालकालाच बोलू द्या, पहिल्या महिन्यात काय चुकलं तेही सांगू द्या. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी व्हीलचेअर वापरणाऱ्या सहकाऱ्याबरोबर रस्त्यापासून मंचापर्यंत एकदा जाऊन या. सभागृहाच्या दाराला उतार असतो, मंचाला बहुतेक ठिकाणी पायऱ्याच असतात.